दिल्लीचं हस्तकला संग्रहालय आणि आपली गोधडी

दुपारची भांडीकुंडी उरकून रेडिओपाशी बसला असाल. काही जणी शेंगा फोडता फोडता ऐकत असतील, काही जणींच्या हातात सुईदोरा असेल. काम थांबवू नका. आज बोलायचं आहे ते हातच्या कामाबद्दलच.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या ग्रामसंघातल्या सहा जणी दिल्लीला गेलो होतो. प्रगती मैदानावर दर वर्षी नोव्हेंबरात मोठा व्यापार मेळा भरतो. तिथं देशभरातल्या बचत गटांचे स्टॉल असतात. आम्ही गोधड्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन गेलो होतो. चटणी चार दिवसांत संपली. गोधड्या मात्र लोक हातात घेत, उलटून बघत, किंमत विचारत आणि ठेवून देत. "जुन्या साड्यांचीच ना?" असं म्हणून पुढं जात.

आमच्या शेजारी बिहारच्या मधुबनीकडच्या ताईंचा स्टॉल होता. त्या हिंदीत म्हणाल्या, "इथं पलीकडंच हस्तकला संग्रहालय आहे. चालत जाता येतं. आमच्याकडची बाई कुठल्या कुठं पोहोचली, ते तिथं कळतं."

आमच्याबरोबर सत्तरीच्या आक्का होत्या. गोधडी शिवण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नाही. त्या म्हणाल्या, "संग्रहालयात जाऊन आपण काय करायचं? राजांच्या तलवारी बघायच्या?" आमच्याही मनात तेच होतं. तरी गेलो. गेलो तो नेमका सोमवार निघाला आणि दाराला कुलूप. सोमवारी ते बंद असतं. तुमच्यापैकी कुणी जाणार असेल तर लक्षात ठेवा. मंगळवारी दोघी जणी स्टॉलवर बसल्या आणि आम्ही चौघी पुन्हा गेलो. आक्कांना घेऊनच गेलो.

तिथं तलवारी नव्हत्या. सूप, टोपल्या, मडकी, पाळणे, बाहुल्या, देवाचे मुखवटे, लुगडी, चादरी असं सगळं होतं. म्हणजे आपल्या घरात असतं, मोडतं, फाटतं आणि एक दिवस उकिरड्यावर जातं, तेच तिथं जपून ठेवलेलं. अशा तीस हजारांहून जास्त वस्तू या संग्रहालयाकडं आहेत.

हे सगळं उभं कसं राहिलं ते आधी सांगतो. यामागं एक बाई आहे. त्यांचं नाव कमलादेवी चट्टोपाध्याय. जन्म १९०३ सालचा, मंगळूरचा. लहानपणी लग्न झालं आणि लहानपणीच वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं पुढं काय व्हायचं ते आपल्या आज्यांना विचारा. कमलादेवी मात्र शिकल्या, त्यांनी पुन्हा लग्न केलं, स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरल्या. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात बायकांनाही घ्या, असा आग्रह त्यांनी गांधीजींकडं धरला आणि मुंबईच्या रस्त्यांवर मिठाच्या पुड्या विकल्या. देश स्वतंत्र झाल्यावर फाळणीतल्या निर्वासितांसाठी त्यांनी सहकारी तत्त्वावर काम उभं केलं. दान नको, काम द्या, आणि काम करणाऱ्यांची सोसायटी करा, असा त्यांचा रोख. आपल्या गटाच्या बैठकीत हेच बोलतो की आपण.

१९५२ साली सरकारनं अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन केलं. कमलादेवी त्याच्या अध्यक्ष होत्या. या मंडळानं १९५६ साली हे संग्रहालय सुरू केलं. ते सुरू करण्यामागचा विचार आपण नीट समजून घ्यावा असा आहे. गिरणीचं कापड आलं होतं, कारखान्याची भांडी आली होती. कुंभाराचा, विणकराचा मुलगा बापाचा धंदा सोडून चालला होता. हात थांबला की त्या हातातली नक्षीही जाते. ती कागदावर कुठंच लिहिलेली नसते. मग पुढं कुणाला ते काम पुन्हा करावंसं वाटलं, तर त्यानं बघायचं काय? म्हणून चांगले नमुने गोळा करायचे, आणि कारागिरांनी येऊन ते बघायचे, शिकायचे, त्यातून नवं करायचं.

आपल्या घरात रांगोळीची वही असते ना? आईनं ठिपके काढून ठेवलेली, मावशीकडून उतरवून आणलेली, कडा तेलकट झालेली? हे संग्रहालय म्हणजे सगळ्या देशाची तशी वही आहे. ती करणाऱ्यांसाठी म्हणून सुरू झाली. पाहुणे बघायला येतात ही पुढची गोष्ट. हे ऐकल्यावर आक्का दारातच म्हणाल्या, "मग आपण बघायला नाही, आपल्या कामानं आलोय."

आजची इमारत चार्ल्स कोरिया यांनी आखली. ते मूळ गोव्याच्या घराण्यातले, मुंबईत राहून काम केलेले मोठे वास्तुरचनाकार. पण इमारत बघून दबून जायला होत नाही. बुटकी, कौलारू, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात नेणारी. वाड्यात शिरल्यासारखं वाटतं. मागच्या बाजूला निरनिराळ्या प्रांतांतली खेड्यातली घरं बांधलेली आहेत. १९७२ साली प्रगती मैदानावर आशियाई व्यापार मेळा भरला होता, त्या वेळची ही बांधणी. मातीच्या भिंती, गवताची छपरं. आवारात कारागीर बसून काम करून दाखवतात आणि आपला मालही विकतात. आत गेलं की कर्नाटकच्या किनारपट्टीवरच्या भूतांच्या भल्या मोठ्या लाकडी मूर्ती आहेत. गावाची राखण करणारी ही दैवतं. आपल्याकडं वेशीवर म्हसोबा असतो तसंच हे, म्हणून आम्ही हात जोडले.

आम्ही सगळ्यात जास्त वेळ उभ्या राहिलो त्या कापडांपाशी. गुजरातच्या पाटणचा पटोला, हिमाचलमधल्या चंब्याचे दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे रुमाल, पंजाबची फुलकारी. फुलकारीत जाड्याभरड्या खादीवर रेशमी दोऱ्यानं उलट्या बाजूनं टाके घालतात आणि सुलट बाजूवर फूल उमटतं. आणि मग बंगालचा कांथा. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालायची, त्यांच्या किनारींतून रंगीत दोरा ओढून काढायचा आणि धावदोऱ्यानं शिवायचं. म्हणजे काय, तर गोधडी! आपल्या गोधडीची बंगालातली बहीण. स्टॉलवर लोक उलटून टाकून देत होते तीच वस्तू इथं काचेमागं, दिव्याखाली.

आक्कांनी काचेला नाक लावलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी टाके मोजत राहिल्या. मग विचारलं, "कुणी शिवलीय ही? नाव काय लिहिलंय?"

आम्ही पाटी वाचली. कांथा, बंगाल, आणि काळ. एवढंच. बाईचं नाव नव्हतं.

यात एकट्या या संग्रहालयाचा दोष नाही. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात जुन्या हातकामाच्या पाटीवर प्रांत असतो, काळ असतो, करणाऱ्या बाईचं नाव बहुतेक वेळा नसतं. कारण वस्तू गोळा करणाऱ्यापर्यंत ते पोहोचलेलंच नसतं. शिवलं तेव्हा घरात कुणी लिहून ठेवलं नव्हतं. काही जुन्या कांथांवर बाईनं आपलं नाव दोऱ्यानं शिवलेलं सापडतं. तेवढ्याच बाया आज नावानं ओळखल्या जातात.

आता मधुबनीच्या ताई म्हणाल्या होत्या त्या बाईंची गोष्ट. त्यांचं नाव गंगादेवी.

बिहारच्या मिथिला भागात लग्नाच्या वेळी नवरानवरीच्या खोलीच्या भिंती बायका रंगवतात. या खोलीला कोहबर म्हणतात. कमळं, बांबू, मासे, पोपट, कासव, सूर्य, चंद्र. या कामाला त्या चित्र काढणं म्हणत नाहीत, लिहिणं म्हणतात. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं, तीसुद्धा भिंतीवर लिहीत होती.

१९६६-६७ साली बिहारात मोठा दुष्काळ पडला. हातांना काम नव्हतं. तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईच्या एका मराठी चित्रकाराला तिकडं पाठवलं. ते भास्कर कुलकर्णी. त्यांनी गावोगाव फिरून बायकांना कागद दिले आणि सांगितलं, भिंतीवर काढता ते यावर काढा, आम्ही विकत घेतो. दुष्काळात रस्त्याची खडी फोडायला लागू नये म्हणून निघालेलं हे काम. त्यातून मधुबनीची चित्रं देशात आणि परदेशात गेली. आणि एक गोष्ट झाली. कागदावरच्या चित्राखाली नाव आलं. जगदंबादेवी, सीतादेवी, महासुंदरीदेवी, बौआदेवी, गंगादेवी. या सगळ्या पुढं पद्मश्री झाल्या.

गंगादेवींना मूल राहिलं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरं लग्न केलं आणि त्यांच्या वाट्याला हलाखी आली. अशी बाई आपल्या प्रत्येकीच्या ओळखीत एक तरी असते. त्या कागदावर बारीक रेघांची चित्रं काढू लागल्या. १९८४ साली पद्मश्री मिळाली. १९८५ च्या सुमारास अमेरिकेला गेल्या आणि तिथल्या जत्रेतला आकाशपाळण्यासारखा रोलर कोस्टरसुद्धा त्यांनी मिथिलेच्या पद्धतीनं कागदावर उतरवला. पुढं कर्करोग झाला. दिल्लीत उपचार चालू असताना, अंगात ताकद नसताना, १९८९-९० च्या सुमारास त्यांनी या संग्रहालयातली एक खोलीच्या खोली कोहबर म्हणून रंगवली. स्वतःचा संसार मोडलेल्या बाईनं दुसऱ्यांच्या सुखाची खोली लिहिली. १९९१ साली त्या गेल्या.

आम्ही ती खोली बघायला निघालो होतो. ती आता नाही. संग्रहालयाच्या नूतनीकरणाच्या कामात ती गेली. २०१५ साली ही गोष्ट बाहेर आली आणि कलेच्या क्षेत्रातल्या अनेकांनी हळहळ व्यक्त केली, जाब विचारला. पण भिंत गेली ती गेली.

आम्ही चौघी तिथल्या अंगणात बसलो. कुणी काही बोललं नाही. जपण्यासाठीच बांधलेल्या घरात, पद्मश्री मिळालेल्या बाईचं काम टिकलं नाही, तर आपल्या गोधडीचं काय? आक्काच बोलल्या शेवटी. "भिंत गेली. पण तुम्हाला तिचं नाव माहीत आहे की. कुणीतरी लिहून ठेवलं म्हणूनच ना?" खरं होतं. तिची चित्रं कागदावर आहेत, फोटो आहेत, तिच्यावर पुस्तक लिहिलं गेलं आहे. म्हणून तर ती खोली गेल्यावर कुणी जाब विचारू शकलं. जिचं नाव कुठंच नसतं तिची भिंत पडली तर कुणाला पत्ताही लागत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलंही असंच एक उदाहरण आहे. वारली चित्रं आज पिशव्यांवर, साड्यांवर, शाळेच्या भिंतींवर सगळीकडं दिसतात. मूळची ही लग्नातली चित्रं. पालघरकडच्या वारली घरांत गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक काढायचा, तो सवाशिणींनी. लग्नातली गाणी म्हणायची ती धवलेरीनं. म्हणजे हे बायकांचं काम. तिथंही सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद घेऊन पोहोचले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे नावारूपाला आले. १९७५ साली मुंबईत त्यांचं प्रदर्शन झालं, २०११ साली पद्मश्री मिळाली. ते थोर कलावंत होते, त्यांनी चौकापलीकडं जाऊन शेत, जाळी, मुंग्यांची वारुळं, सगळं जग चितारलं. त्यांचा आपल्याला अभिमानच आहे. पण त्यांच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या सवाशिणींपैकी एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येईल का? मिथिलेत नावं बायकांची झाली, वारलीत पुरुषांची झाली. काम भिंतीवरून बाजारात येतं त्या वेळी कागद कुणाच्या हातात जातो आणि खाली सही कुणाची होते, यावर पुढचं सगळं ठरतं. खातं कुणाच्या नावावर, सातबारा कुणाच्या नावावर, हे आपण विचारतो. तसं कामाखाली नाव कुणाचं, हेही विचारायला हवं.

आता आमच्याच घरचं सांगतो. दिल्लीहून परतल्यावर महिन्याभरात एका शहरातल्या व्यापाऱ्याचा निरोप आला. साठ गोधड्या हव्यात, भाव बरा, निम्मे पैसे आगाऊ. अट एकच. गोधडीवर तुमच्या गटाची पट्टी नको, आमच्या दुकानाची पट्टी आम्ही लावणार. आणि हे नमुने दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत.

बैठकीत खूप बोलाचाली झाली. तीन गटांचे बँकेचे हप्ते तोंडावर आले होते. काही जणी म्हणाल्या, "नाव घेऊन काय चाटायचंय? पोरांची फी भरायचीय." त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. काही जणी म्हणाल्या, "आक्कांचा चौफुला दुसऱ्याच्या नावावर विकायचा आणि वर आपणच तो शिवायचा नाही? हे कुठलं?" आवाज चढले, एक जण उठूनही गेली.

शेवटी असं ठरलं. नमुने बांधून देण्याची अट मान्य नाही, हे व्यापाऱ्याला फोनवर स्पष्ट सांगितलं. पट्टीवरून मात्र तो हटेना. मग साठऐवजी पंचवीसच गोधड्या त्याच्या पट्टीनं द्यायच्या, साध्या पट्ट्यापट्ट्यांच्या, म्हणजे हप्ता भागेल. आक्कांचा चौफुला त्यात द्यायचा नाही. तो आपल्या नावानं विकायचा, मग वर्षाला चार विकल्या गेल्या तरी चालतील. तो माणूस कुरकुरला, पण पंचवीस घेतल्या. हप्ते कसेबसे भागले. बाकीच्या पस्तीस गोधड्यांचे पैसे हातचे गेले, हेही खरं आहे. आम्ही बरोबर केलं की चूक, यावर अजूनही आमच्यात दोन मतं आहेत.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं, आणि तिला पैसे लागत नाहीत. आम्ही एक वही केली. दोनशे पानी, साधी. गटाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक गोधडीचं एक पान. शिवणारीचं पूर्ण नाव, गाव, कुठल्या कापडाची, नमुन्याचं नाव काय, तो कुणाकडून शिकली, किती दिवस लागले. मोबाईलवर फोटो काढायचा आणि त्याची छापील प्रत पानावर चिकटवायची. व्यापाऱ्याची पट्टी लागो, नाहीतर कुणाची लागो, आपल्या वहीत नाव आपलंच. त्या पंचवीस गोधड्यांचीही पंचवीस पानं आहेत.

पहिलं पान आक्कांचं. चौफुला कुणाकडून शिकलात, असं विचारलं तर म्हणाल्या, "सासूकडून." सासूबाईंचं नाव काय? आक्का थांबल्या. वर्षानुवर्षं त्यांना आत्याबाई म्हणण्यात गेली. नाव आठवेना. मग म्हाताऱ्या दिरांना विचारायला माणूस धाडला, तेव्हा नाव कळलं. ते आम्ही आक्कांच्या नावाखाली लिहिलं. ती माउली जाऊन तीस वर्षं झाली. तिचं नाव पहिल्यांदाच तिच्या कामाशेजारी लिहिलं गेलं.

म्हणून मैत्रिणींनो, तुम्हा सगळ्यांना तीन कामं सांगून आम्ही रजा घेतो. पहिलं, तुमच्या गटात अशी एक वही सुरू करा. गोधडीचीच हवी असं नाही. टोपल्या असतील, झाडू असतील, रांगोळ्या असतील, पापडाचं प्रमाण असेल. दुसरं, प्रत्येकीनं आपल्या कामातला एक चांगला नग न विकता ठेवा. ग्रामसंघाच्या कपाटात, डांबरगोळ्या घालून. तोच आपला नमुना, तेच आपलं संग्रहालय. आणि तिसरं, घरात जी सगळ्यात म्हातारी आहे तिच्याजवळ आज संध्याकाळी बसा. हे कुठं शिकलीस, कुणी शिकवलं, असं विचारा. आणि जिनं शिकवलं तिचं नाव विचारा. नातं सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका. नाव विचारा आणि लिहून ठेवा.

कधी दिल्लीला गेलात तर हस्तकला संग्रहालयात जरूर जा. आपल्या कामासाठी जातोय, असं म्हणून जा. सोमवार सोडून.

नमस्कार.